दिसणारा विनय

बर्लिनच्या चित्रसंग्रहालयात रेम्ब्रांटने १६४१ साली रंगवलेलं एक मोठं व्यक्तिचित्र आहे. कॉर्नेलिस अन्स्लो आणि त्याची पत्नी आल्चे हे त्यातलं जोडपं. अन्स्लो हा ॲमस्टरडॅममधला कापडाचा व्यापारी आणि मेनोनाइट पंथाचा प्रवचनकार. या पंथाचे लोक शस्त्र उचलत नसत, शपथ घेत नसत आणि अंगावर श्रीमंती मिरवणं त्यांना पाप वाटे. चित्रात टेबलावर धर्मग्रंथ उघडा आहे, अन्स्लो हात पुढे करून काही समजावून सांगतो आहे आणि आल्चे मन लावून ऐकते आहे. तिचा पोशाख काळा, गळ्याशी पांढरी चुणीदार कॉलर, डोक्यावर पांढरी टोपी, हातात रुमाल. दागिना म्हणावा असं काही डोळ्यांत भरत नाही. पण टेबलावर भारी गालिचा अंथरलेला आहे, नवऱ्याच्या झग्याला फरची किनार आहे आणि हे सगळं शहरातल्या सर्वाधिक मागणी असलेल्या चित्रकारांपैकी एकाकडून, भिंत व्यापेल एवढ्या कॅनव्हासवर काढून घेतलेलं आहे. विनयाने स्वतःचं चित्र काढून घ्यावं का, आणि घेतलं तर तो विनय राहतो का? बहुतेक जण याचं उत्तर एका शब्दात देतात: ढोंग. मला ते उत्तर आळशी वाटतं. आल्चेच्या श्रद्धेवर शंका घ्यायला आपल्याजवळ काहीही आधार नाही. खरी अडचण तिच्या मनात नाहीच. विनय हा गुण कापडात असतो की काळजात, यावर शतकानुशतकं वाद झाला. तो दोन माणसांच्या मधल्या जागेत असतो, असं माझं म्हणणं आहे, आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा या डच स्त्रियांच्या चित्रांतच मिळतो.

धर्माची अपेक्षा काय होती ते आधी पाहू. बायबलच्या नव्या करारात पीटरच्या पत्रात आणि तिमथीला लिहिलेल्या पत्रात स्त्रियांना बजावलेलं आहे की केशरचना, सोनं, मोती, उंची वस्त्रं यांनी सजू नये. खरा शृंगार अंतःकरणाचा. जुन्या करारात यशयाच्या तिसऱ्या अध्यायात तर सियोनच्या गर्विष्ठ मुलींच्या पैंजणांपासून बुरख्यांपर्यंत एकेक वस्तू मोजून, ती देव काढून घेईल असं सांगितलं आहे. ही वचनं प्रवचनांमधून वारंवार कानी पडत, आणि त्यांचा रोख मुख्यतः स्त्रियांकडे असे. पुरुष अगदीच सुटले असं नाही. १६४० च्या दशकात पुरुषांच्या लांब केसांवरून डच धर्मोपदेशकांमध्ये चांगलंच रण माजलं होतं. तरीही घराण्याची नीती बाईच्या अंगावरच्या कपड्यात शोधण्याची सवय तिथेही पक्की होती. डच प्रॉटेस्टंट ज्याची शिकवण मानत त्या धर्मसुधारक कॅल्विनची भूमिका मात्र त्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या कठोरपणापेक्षा बरीच सूक्ष्म आहे. देवाने वस्त्रं नुसत्या गरजेपुरती दिली नाहीत, त्यांत शोभेलाही जागा आहे, असं तो मानतो. शिवाय तो हेही मान्य करतो की जाड्याभरड्या कपड्यांखाली उन्मत्त मन असू शकतं आणि रेशमाखाली साधी नम्रता. म्हणजे कपड्यावरून आत्म्याचा अंदाज बांधता येत नाही, हे या परंपरेच्या मुळाशीच लिहिलेलं होतं. असं असूनही हार्लेम, लायडन, ॲमस्टरडॅमच्या सुखवस्तू स्त्रिया चित्रात एका विशिष्ट पोशाखातच पुन्हा पुन्हा दिसतात. धर्माने वर्दी दिली नव्हती. ती समाजाने शिवून घेतली.

या वर्दीचा काळा रंग जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण आज काळा हा सर्वांत सोपा रंग वाटतो. त्या काळात तो सर्वांत अवघड रंगांपैकी एक होता. कापड थेट काळं होत नसे. चांगला काळा हवा तर आधी लोकर किंवा रेशीम निळीच्या हौदात बुडवून गडद निळं करायचं, मग त्यावर मंजिष्ठाच्या जातीचा लाल चढवायचा, आणि शेवटी मायफळ व हिराकस यांच्या पाण्यात ते काळवंडेपर्यंत ठेवायचं. नुसतं मायफळ आणि हिराकस वापरून स्वस्तात काळा काढता येई, पण तो लवकर विटून तपकिरी पडे, आणि त्यातलं लोह धाग्याला हळूहळू खाऊन टाकी. संग्रहालयांतल्या जुन्या वस्त्रांमध्ये काळ्या धाग्याच्या जागी भुगा किंवा भोकं उरलेली दिसतात ती यामुळेच. स्पॅनिश अमेरिकेतून कांपेशचं लाकूड येऊ लागल्यावर रंगाऱ्यांना आणखी खोल काळा साधू लागला. तोही समुद्र ओलांडून आलेला. निळीचा मोठा वाटा तर हिंदुस्थानचा होता. अहमदाबादजवळच्या सरखेजची आणि आग्र्याजवळच्या बयाण्याची नीळ सुरतेच्या वखारीतून डच जहाजांवर चढत असे. त्यामुळे हार्लेमच्या एखाद्या धर्मनिष्ठ बाईच्या काळ्या झग्याच्या तळाशी गुजरातच्या शेतात उगवलेली नीळ असणं सहज शक्य होतं. काळा टिकवणंही खर्चाचं काम. फिकट पडला की लगेच कळे, आणि फिका काळा घालून फिरणं म्हणजे हात आखडल्याची कबुलीच. फ्रान्स हाल्सच्या चित्रांत सत्तावीस प्रकारचे काळे आहेत, असं व्हॅन गॉगने १८८५ मध्ये आपल्या भावाला लिहिलं होतं. त्याचा रोख हाल्सच्या कुंचल्यावर होता, पण गोष्ट कापडालाही लागू पडते. हाल्सने साटिनचा काळा, मखमलीचा काळा, दाट लोकरीचा काळा आणि विणीतच नक्षी असलेल्या रेशमाचा काळा वेगवेगळा रंगवला, कारण समोर बसलेल्या बाईला आणि ते चित्र पाहणाऱ्या तिच्या शेजारणीलाही हा फरक नेमका कळत होता.

पांढऱ्याचीही तीच कथा. हार्लेमच्या बाहेर वाळूच्या टेकड्यांलगत लिनन शुभ्र करण्याची मैदानं होती. रुइसडालने हार्लेमची जी दृश्यं रंगवली त्यांत गवतावर पसरलेल्या लांबच लांब पांढऱ्या पट्ट्या दिसतात. कापड क्षारात उकळायचं, ताकात भिजवायचं, गवतावर पसरून ऊन द्यायचं, वरून पाणी शिंपडत राहायचं, आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालायचं. इतकं झाल्यावर त्या लिननची चुणीदार कॉलर व्हायची, जिला तिच्या आकारामुळे जात्याचा दगड म्हणत. एका कॉलरीत कित्येक मीटर झिरझिरीत कापड चुणी चुणी करून बसवलेलं असे. प्रत्येक धुण्यानंतर तिला खळ द्यावी लागे आणि तापवलेल्या लोखंडी दांडीवर एकेक चुणी पुन्हा वळवावी लागे. अशी कॉलर घालून कोणाला ओणवं होऊन चूल फुंकता येत नाही की मूल उचलता येत नाही. ती घालणाऱ्या बाईच्या घरात हे करायला दुसरं कोणीतरी आहे, हे ती न बोलता सांगते. आणि गंमत अशी की हीच कॉलर स्पेनच्या चौथ्या फिलिपने १६२३ मध्ये उधळपट्टी म्हणून आपल्या दरबारात बंद केली. माद्रिदच्या कॅथलिक राजाला जी चैन वाटली तीच हार्लेमच्या प्रॉटेस्टंट वृद्धांना पुढे कित्येक वर्षं गांभीर्याची खूण वाटत राहिली. वस्तू एकच, आणि तिच्यावर चढलेले अर्थ एकमेकांच्या अगदी उलट. कपड्यातच सद्गुण मुरलेला असतो असं मानणाऱ्याने या एका गोष्टीचा विचार जरूर करावा.

यावरून माझा पहिला निष्कर्ष असा की काळ्या-पांढऱ्याने श्रीमंती झाकली नाही. तिने फक्त जागा बदलली. लाल, जांभळा, सोनेरी हे रंग रस्त्यावरच्या कोणालाही दुरून कळतात. काळ्यातला भेद मात्र ज्याने तसलं कापड हाताळलं आहे त्यालाच कळतो. मिरवणं थांबलं नाही, पाहणारे तेवढे निवडक झाले. १६३४ मध्ये रेम्ब्रांटने मार्टेन सूलमान्स आणि ओप्येन कॉपिट या नवविवाहित जोडप्याची पूर्णाकृती चित्रं काढली, जी २०१६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आणि पॅरिसच्या लूव्हरने मिळून १६ कोटी युरोंना विकत घेतली. पायापासून डोक्यापर्यंत असं आदमकद चित्र तोवर राजे-सरदारांचं निघत असे. ओप्येन त्यात काळ्या रेशमात आहे, पण त्या काळ्यावर लेसची रुंद कॉलर आहे, गळ्यात मोती आहेत, हातात पिसांचा पंखा आहे. या पोशाखात रंग जवळजवळ नाही आणि साधेपणा तर अजिबातच नाही. एक टोक ओप्येनचं आणि दुसरं आल्चेचं. या दोन टोकांच्या मधे डच स्त्रियांची शेकडो चित्रं आहेत, आणि त्यांतली प्रत्येक जण किती काळा, किती पांढरा, किती लेस हा हिशेब स्वतःपुरता मांडून बसलेली आहे.

इथे जाणकार पहिला आक्षेप घेतील, आणि तो वजनदार आहे. काळ्याचा धर्माशी काही संबंध नाही, असं ते म्हणतील. ही फॅशन पंधराव्या शतकात बर्गंडीच्या दरबारातून आली, सोळाव्या शतकात स्पेनच्या दरबाराने ती युरोपभर नेली, आणि फ्लँडर्समधल्या कट्टर कॅथलिक स्त्रियाही असाच काळा घालत. शिवाय व्यक्तिचित्रात माणूस ठेवणीतले कपडे घालतो; रोजच्या वापरात रंगीत कपडे होतेच. व्हेर्सप्रॉंकने १६४१ मध्ये रंगवलेली लहान मुलगी निळ्या पोशाखात आहे, आणि तिला कोणी अधार्मिक ठरवलेलं नाही. हे सगळं खरं आहे. पण त्याने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो. काळा जर दरबाराच्या ऐटीतून आलेला असेल, तर त्याला विनयाचा अर्थ नंतर चिकटवला गेला. कॅथलिक बाई तोच रंग प्रतिष्ठा म्हणून घाली, कॅल्विनपंथी बाई मर्यादा म्हणून, मेनोनाइट बाई त्याग म्हणून. तिघींच्या कपड्यांना लागणारा पैसा सारखाच असू शकत होता. पदरात पडणारं पुण्य मात्र सारखं नव्हतं. ऐहिक प्रतिष्ठेची खूण ठरलेली वस्तू एखादा धर्म उचलतो आणि तिलाच वैराग्याचं नाव देतो, तेव्हा त्या प्रतिष्ठेला पूर्वी नसलेली एक गोष्ट मिळते: ती निर्दोष होते. जरीचा झगा घालणाऱ्या बाईला निदान कोणीतरी टोकू शकत होतं. उत्तम काळ्या लोकरीतल्या बाईला काय म्हणून टोकायचं?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो थेट श्रद्धेच्या बाजूने येतो. माणसाचा हेतू शुद्ध असेल तर कापडाची किंमत काढण्याचं कारणच काय? देव अंतःकरण पाहतो. रेम्ब्रांटने १६५७ मध्ये कातरिना होखसात या पन्नाशीच्या मेनोनाइट बाईचं चित्र काढलं. काळा पोशाख, पांढरी कॉलर, आणि बाजूला एक पोपट. परदेशातून आणलेला पोपट पाळणाऱ्या या बाईला कोणी ऐषारामी म्हणेल. पण तिच्या चेहऱ्यावरचं सावध शहाणपण पाहिलं की तिच्या पोपटाचा हिशेब मागणारे आपण कोण, असं खरोखर वाटतं. हेतूच्या शुद्धतेचा आक्षेप मी म्हणूनच अर्धा मान्य करतो. या बायका खोट्या नव्हत्या, आणि त्यांच्या मनात शिरून निवाडा देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण विनय हा केवळ हेतू असता तर त्याला कपड्याची गरजच पडली नसती. कॅल्विनचं म्हणणं शेवटपर्यंत ताणलं तर भगव्या, जांभळ्या, काळ्या कुठल्याही कपड्यात नम्र राहता आलं असतं. ज्या क्षणी एखादा समाज विनयाला एक पोशाख नेमून देतो, त्या क्षणी विनय हेतूच्या प्रांतातून बाहेर येतो आणि लोकांच्या नजरेत राहायला जातो. तिथे गेल्यावर त्याला वेगळे प्रश्न विचारावे लागतात. हा पोशाख कोणाला परवडतो? तो घातल्याने शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं?

या प्रश्नाचं उत्तर हाल्सने १६२० च्या सुमाराला रंगवलेल्या एका चित्रात आहे, आणि तेही बर्लिनमध्येच आहे. कातरीना होफ्ट ही जेमतेम चालू लागलेली मुलगी दाईच्या हातावर बसली आहे. मुलीच्या अंगावर सोनेरी वेलबुट्टीचं भारी वस्त्र, गळ्याशी आणि टोपीला इतकी नाजूक लेस की तिच्या टाक्याटाक्याला कोणाचे तरी डोळे खर्ची पडले असतील, हातात खुळखुळा. दाई काळ्या पोशाखात, साधी पांढरी टोपी, लहानशी कॉलर. मूल आपल्याकडे थेट पाहतं आणि दाई त्याच्यापुढे फळ धरते. दोघींमधली माया खरी आहे. हाल्स खोटी माया रंगवत नसे. आता धर्मवचनं जशीच्या तशी लावली तर या चित्रातली नम्र बाई कोण? अर्थातच दाई. तिच्याजवळ सोनं नाही, मोती नाहीत, लेस नाही. तरी आजवर कोणी या चित्रापुढे उभं राहून दाईच्या विनयाची स्तुती केल्याचं मला माहीत नाही. तिचा काळा हा सद्गुण म्हणून मोजला जात नाही, कारण तिने तो निवडलेला नाही. तो नोकरीचा भाग आहे. उद्या ही मुलगी मोठी होईल, १६३५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सत्ताधारी घराण्यातल्या कॉर्नेलिस द ग्राफशी तिचं लग्न होईल, आणि तिने काळा परिधान केला तर तिचं गांभीर्य वाखाणलं जाईल. ज्याच्यापाशी सोडण्यासारखं काही आहे त्यालाच त्यागाचं श्रेय मिळतं, हे तर्काला धरून आहे. अपरिग्रहाला अर्थ येतो तो परिग्रह शक्य असतो म्हणूनच. पण याचा परिणाम पाहा. पैशाने घेता येणाऱ्या इतर वस्तूंसारखा विनयही पैसेवाल्यांच्या ताब्यात जातो. गरीब बाईकडे सोनं नव्हतंच, आता तिच्या साधेपणाचं पुण्यही तिच्या नावावर जमा होत नाही. मी विनय दोन माणसांच्या मधल्या जागेत असतो म्हणतो ते या अर्थाने. मालकिणीचा काळा आणि दाईचा काळा एका चित्रात शेजारी ठेवा, आणि दोन्हींना एकच नाव देता येतं का ते तपासा. देता येत नसेल, तर मालकिणीच्या काळ्याला दिलेलं नावच चुकलेलं आहे.

तिसरा आक्षेप असा येईल की एकविसाव्या शतकातल्या समतेच्या कल्पना सतराव्या शतकातल्या बायकांवर लादणं अन्यायाचं आहे. पण हा प्रश्न आपण बाहेरून नेलेला नाही. मेनोनाइटांमध्ये ऐहिक सुखसोयींबाबत सैल असलेले आणि कडवे असे गट होते, आणि कडव्यांना सैल गटांच्या राहणीचा विटाळ वाटे. अन्स्लो ज्या वॉटरलँडर शाखेचा होता ती त्यांतली उदार. ॲमस्टरडॅममध्ये निकोलास तुल्प या नगरप्रमुखाने, रेम्ब्रांटच्या शवविच्छेदनाच्या प्रसिद्ध चित्रातल्या याच डॉक्टरने, १६५५ मध्ये लग्नातल्या उधळपट्टीवर निर्बंध आणवले. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. युरोपातल्या अनेक शहरांत कोणत्या दर्जाच्या बाईने काय घालावं याचे कायदे होते; डच प्रजासत्ताकात तसले पोशाखाचे कायदे जवळपास नव्हते. म्हणजे इथल्या बाईला काळा घालायला कोणी भाग पाडलेलं नव्हतं. तिने तो निवडला, आणि निवडीचा अर्थ काढता येतो. चित्रातले कपडे चित्रकाराच्या सोयीने ठरत, ते खरे नसत, असं म्हटलं तरी मुद्दा ढळत नाही. यूडिथ लेस्टरने १६३० च्या आसपास काढलेल्या आपल्या चित्रात ती मोठी ताठ कॉलर आणि लेसच्या मनगटपट्ट्या घालून रंग लावते आहे. त्या कपड्यांत कोणी रंगकाम करत नाही. तिने आपण कोण म्हणून ओळखलं जावं ते रंगवलं, आणि मला नेमकं तेच पाहायचं आहे.

या साधेपणाचा खर्च कोणी सोसला तेही मोजायला हवं. लायडनच्या कापड उद्योगाने बाहेरगावची मुलं आणून कामाला जुंपली. ओप्येनच्या सासरचा पैसा साखरेचा होता, आणि ती साखर ज्या ब्राझीलमधून येई तिथले मळे गुलामांच्या श्रमावर चालत; राइक्सम्युझियमने २०२१ च्या गुलामगिरीवरच्या प्रदर्शनात ओप्येनची कहाणी याच संदर्भात मांडली. मोत्यांसाठी मन्नारच्या आखातात पाणबुडे जीव धोक्यात घालत, आणि १६५८ मध्ये तुतिकोरिन पोर्तुगीजांकडून डचांच्या हातात गेलं. वेंगुर्ल्याची डच वखार, जिचे अवशेष कोकणात आजही उभे आहेत, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या याच पसाऱ्यातली. आल्चेला किंवा कातरिना होखसातला यातलं किती ठाऊक असेल? फार थोडं. त्यांच्यावर मी दोष ठेवत नाही. पण ज्या विनयाला आपल्या अंगावरच्या कापडाचा माग एका बंदरापलीकडे लागत नाही, तो अपुरा होता असं म्हणणं मला भाग आहे.

मग कपड्यातून विनय मुळीच साधत नाही का? हाल्सने १६६४ च्या सुमाराला, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, हार्लेमच्या वृद्धाश्रमाच्या महिला विश्वस्तांचं चित्र काढलं. त्या वर्षी नगरपालिकेने त्यालाच वर्षाला २०० गिल्डरची मदत मंजूर केली होती. म्हणजे दान देणाऱ्या बायकांचं चित्र दान घेणारा म्हातारा काढत होता. चित्रात काळ्या पोशाखातल्या वयस्क बायका आहेत, लेसचा पत्ता नाही, रुंद पांढऱ्या कॉलरी सपाट आणि साध्या आहेत. एवढा कमी केलेला पोशाख मला या साऱ्या परंपरेत सर्वांत पटणारा वाटतो, आणि त्याचं कारण कापडाहून अधिक त्या बायकांच्या कामात आहे: त्या स्वतःसाठी बसलेल्या नाहीत, एका संस्थेच्या जबाबदारीसाठी बसल्या आहेत. तरीही त्या विनयी होत्या की नाही, याची साक्ष त्यांचं चित्र देऊ शकत नाही. ती त्या घरातल्या म्हाताऱ्यांकडे मागावी लागेल, आणि ते या चित्रात कुठेच नाहीत. त्यांच्याबद्दल त्या घराचा नियम उरला आहे: साठी उलटलेला, एकटा, सचोटीचा पुरुष, आणि येताना त्याने आपली खाट, गादी घातलेली खुर्ची, तीन कांबळी, सहा चांगले सदरे आणि सहा रात्रीच्या टोप्या घेऊन याव्यात. त्यांच्या कपड्यांची अशी यादी केलेली होती. त्या यादीला मात्र कोणी साधेपणा म्हटलं नाही.